आष्ट्याच्या स्पीडब्रेकरजवळचं घर

लोक म्हणतात, मी लहानपणीच घर सोडलं. मी काही सोडलं नाही. मी जागच्या जागी उभा होतो आणि घर चालत निघून गेलं.

कराडच्या अलीकडे एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींच्या रानात आमची मेंढरं बसली होती. आम्ही धनगर, आटपाडीच्या बाजूचे. दिवाळी सरली की चार-पाच बिऱ्हाडं मिळून आमचा वाडा कृष्णाकाठी उतरायचा. रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवायची, खत शेतकऱ्याला आणि त्याबदल्यात जोंधळे आम्हाला, असा सरळ व्यवहार. त्या गुरुजींनी मला एका चुकार कोकराच्या मागं बांधाबांधानं पळताना पाहिलं आणि संध्याकाळी बापाला विचारलं, "पोरगं माझ्याकडं ठेवतोस का? वसतिगृहात घालतो, शाळा शिकेल." बाप विडी ओढत बसला. सकाळी उठून त्यानं घोडीवर बिऱ्हाड लादलं, आईनं वर कोंबड्यांचं डालगं बांधलं, कुत्री पुढं झाली. मी नेहमीसारखा काठी घेऊन मेंढरांच्या मागं उभा राहिलो, तर बापानं काठी काढून घेतली. "बिरू, तू हितंच थांब. गुरुजी सांगत्याल तसं वाग," एवढंच म्हणाला. आई तोंडात पदर कोंबून चालत होती. मेंढरं बसली होती ती जागा अजून काळी आणि ऊबदार होती, तिच्या मधोमध मी अनवाणी उभा होतो. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात मेंढरांची घुंगरं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा गुरुजी म्हणाले, चल, आंघोळ कर.

हे मी कुणासाठी लिहितोय ते सांगून टाकतो. वाड्यातली जी माणसं अजून मेंढरांमागं हिंडतायत त्यांच्यासाठी. त्यांच्या पोरांच्या फोनवर हे पोचेल. आणि माझ्यासारखे जे कुठं कुठं जाऊन अडकले, कुणी पलटणीत, कुणी पुण्याच्या गोदामात, कुणी सांगलीच्या मार्केट यार्डात, त्यांच्यासाठी. आपण कधी भेटलो की एकमेकांना विचारतो, काय, बरं हाय न्हवं? आणि व्हय म्हणून मोकळे होतो. या खेपेला मी व्हय म्हणणार नाही.

वसतिगृहात सुरुवातीला मला झोपच यायची नाही. डोक्यावर पत्रा आहे ही कल्पनाच सहन व्हायची नाही. मी सतरंजी घेऊन बाहेर जायचो आणि शिव्या खाऊन आत यायचो. शाळेत एक फुटबॉल होता, त्यात हवा टिकायची नाही, पण पळायला निमित्त मिळायचं. पुढं भरतीत धावण्यात पहिला आलो आणि फौजेत गेलो. फुटबॉल खरा शिकलो तो तिथं, मणिपुरी आणि बंगाली पोरांच्यात. ते पाय चालवायचे तसे माझे सात जन्मात चालले नसते. मला त्यांनी स्टॉपर केलं, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभं राहून येणाऱ्याला अडवायचं काम. आमचे उस्ताद म्हणायचे, "मराठा, आदमी को मत देख, गेंद को देख." मला ते अवघड गेलं नाही. लांडगा कुठूनही येवो, आपण मेंढराच्या आणि त्याच्या मधे उभं राहायचं, हे मी चालायला लागल्यापासून करत होतो.

फौजेतून पेन्शन घेऊन आलो, कोचिंगचा कोर्स केला आणि कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात चिकटलो. आधी दरवर्षी नवी ऑर्डर, मग कायम. कॉलेजला काहीतरी मोठा दर्जा मिळाला त्या वर्षी सगळ्यांच्या दारांवर नव्या पाट्या लागल्या. माझ्या खोलीवर 'हेड कोच, मेन्स फुटबॉल' अशी पाटी लागली. माझी बायको सुनंदा कराडचीच, अंगणवाडीत शिकवते. ती पाटी बघायला आली आणि म्हणाली, "हेड तुमी, मग बाकीचं कोच कुठं हायत?" बाकीचे कोणी नव्हते. गोलजाळ्या बांधणारा मीच, चुना टाकणारा मीच, कुणाच्या घोट्याला बर्फ लावणाराही मीच.

आमच्या भागात फुटबॉल म्हणजे कोल्हापूरकरांचं वेड. तिकडं पोरं फुटबॉलसाठी पेठापेठांत डोकी फोडतात. इकडं कराड-सांगलीला लोक विचारायचे, कबड्डी का नाही घेतली सर? पालक यायचे, ते वेगळंच विचारायचे. "ऐन प्लेसमेंटच्या वर्षी पोरगं लाथा मारत हिंडलं तर कंपनी घील का त्याला?" मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि मधल्या दिवसांत कधी परेड, कधी स्नेहसंमेलनाचा मांडव. मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवायला कुणी येत नसे. सरावाच्या आधी आम्ही रांगेत चालून खड्डे शोधायचो. पोरं तेवढी जमवावी, शिकवावी, आणि जरा पास नीट द्यायला लागली की शेवटचं वर्ष संपून ती पुण्याला, बेंगळुरूला निघून जायची. एक जर्मनीत आहे. मी दर पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून. तरी मला आवडायचं. कुरकुर करत करत आवडायचं.

गावाकडचं म्हणाल तर आई-वडील दोघंही गेले. धाकट्या भावानं मेंढरं विकली. कॅनॉलचं पाणी आलं, त्यानं डाळिंब लावलं, स्लॅबचं घर बांधलं. चांगलंच झालं की. पण मी गेलो की मला खुर्ची देतात आणि पाहुण्याला देतात तशी सीलबंद पाण्याची बाटली हातात ठेवतात. भाऊ म्हणतो, "दादा, घरचं पाणी तुला सोसंल न सोसंल." त्याच घरच्या ओढ्याला ओणवं होऊन मी कुत्र्यांच्या शेजारी पाणी प्यालेलो. मी बाटली घेतो, थोडी पितो, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठतो.

अशा माणसाला आष्ट्यातलं एक घर मिळालं.

त्या घरातला मुलगा सन्मती चौगुले. पहिल्या वर्षाला असताना तो माझ्याकडं बॅडमिंटनच्या चौकशीला आला होता. उंच, खांद्यात वाकलेला, हात मात्र असे की घमेल्याएवढं काहीही झेलावं. मी टेबलावरचा बॉल न सांगता त्याच्या अंगावर फेकला. त्यानं एका हातानं धरला आणि विचारलं, "सर, हा कुठं ठेवू?" मी म्हटलं, तुझ्याकडंच ठेव. तो आमचा गोलकीपर झाला. बोलायला कमी, पण गोलात उभा राहिला की मागून सगळ्यांना आवाज देऊन हलवायचा. दुसऱ्या वर्षी मी त्याला कॅप्टन केलं.

आष्टा सांगली-इस्लामपूर रस्त्यावर. विद्यापीठाच्या विभागाच्या मॅचेस बहुतेक सांगलीत, विश्रामबागला व्हायच्या, आणि परतताना आमची बस त्याच्या दारावरून यायची. गावाच्या कडेला रस्त्याला लागून घर, दारापुढं स्पीडब्रेकर, मागं ऊस. घर जैनांचं. सन्मतीच्या आईला टीमची सगळी पोरं आणि मीसुद्धा काकूच म्हणायचो, त्या मॅचच्या दिवशी सगळ्या टीमला जेवायला घालायच्या. अट एकच, दिवस मावळायच्या आत. त्यांनी पहिल्याच वेळी मला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, हरा न्हाईतर जिंका, उजेड हाय तवर या. अंधार पडल्यावर मी काय ताट वाढायची न्हाई." आमचा ड्रायव्हर सांगली सोडली की आकाशाकडं बघत गाडी हाणायचा. अंगणात पंगत बसायची. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही, आणि तरी पोरं भाकरीमागून भाकरी रिचवायची. सन्मतीचे वडील अण्णा. वाढायला स्वतः उभे राहायचे आणि पोरांची खोडी काढायचे, "खावा रं, खावा. गोल हानता येत न्हाई ती न्हाई, जेवता तरी येतंय न्हवं?"

मी मटणाच्या रश्श्यावर वाढलेला माणूस. पण त्या अंगणात जेवताना मला जेवढं निवांत वाटायचं तेवढं कुठंच वाटायचं नाही. एकदा काकूंनी विचारलं, "आई हाय का सर तुमची?" मी नाही म्हटलं. "मग हिकडं येत जावा की," असं त्या दुकानातून साखर आणायला सांगावी इतक्या सहज म्हणाल्या. आणि मी खरंच जायला लागलो. मॅच नसली तरी एखाद्या रविवारी एसटीनं जायचो, दुपारी जेवायचो, अण्णांच्या बरोबर रानात चक्कर मारायचो, परतायचो. सुनंदा दोनदा आली, मग म्हणाली, "तुमी जावा. मला आठवड्यातनं एक तर दिवस मिळतो." मी काही फार विचार केला नाही. जिथं कुणी माझी वाट बघतं असं एक दार मला मिळालं होतं, ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. बाकी मला काही नको होतं.

सन्मतीच्या शेवटच्या वर्षी आम्ही विभागाची फायनल जिंकलो. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टीवर गेली, आणि शेवटची पेनल्टी त्यानं उजवीकडं झेप घेऊन अशी अडवली की समोरच्या टीमचा कोच माझ्याआधी टाळ्या वाजवायला लागला. बसमध्ये पोरांनी टप बडवून बडवून फुटायला आणला. आम्ही आष्ट्याला पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. काकूंच्या भाकऱ्या अजून चालू होत्या, म्हणून पोरं रस्त्यावर घोटाळत उभी राहिली.

साखर कारखान्यांचा हंगाम होता. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. आता हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, पण लांब गेलेल्यांसाठी सांगतो. कृष्णाकाठच्या पोरांना उसाच्या चालत्या गाडीतून ऊस ओढायला कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. गाडी मंद झाली की मागून धावायचं, बाहेर आलेलं टोक दोन्ही हातांनी धरायचं आणि पायांवर रेटा देऊन मागं झुकायचं. ऊस निघतो, पोरगं बुडावर पडतं, सगळे हसतात. ड्रायव्हर शिव्या घालतो, तोही लहानपणी हेच करून मोठा झालेला. मी मात्र आयुष्यात कधी ओढला नाही. लहानपणी एकदा नुसता हात लावला होता, तर आमच्या अख्ख्या वाड्याला त्या गावातून उठवलं होतं. शेतकऱ्याच्या पोरानं ओढला तर गंमत, धनगराच्या पोरानं ओढला तर चोरी. त्यामुळं ही पोरं बिनधास्त ऊस ओढायची ते बघायला मला बरं वाटायचं.

टीममध्ये पुण्याची दोन पोरं होती, त्यांनी हा प्रकार कधी पाहिला नव्हता. सन्मती त्यांना म्हणाला, "थांबा, दावतो." त्याच्याच दारातला स्पीडब्रेकर. लहानपणापासून तो तिथंच ओढत आलेला. समोरून आलेला ट्रॅक्टर स्पीडब्रेकरला मंद झाला, त्यावर मोठमोठ्यानं गाणी लागलेली. सन्मती ट्रॉलीच्या मागं धावला, टोक धरलं, मागं झुकला.

बैलगाडी होती तेव्हा मागं मोकळा रस्ता असायचा. एकच ट्रॉली होती तेव्हाही असायचा. आता ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात, एकीच्या मागं एक. शरीराला लागलेली सवय मात्र आज्याच्या काळातली. तो मागं झुकला तो दुसऱ्या ट्रॉलीच्या पुढ्यातच. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो, अण्णा माझ्या शेजारी पाण्याची घागर घेऊन उभे होते. थांब म्हणावं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही, तिथं उभ्या कुणालाच वाटलं नसतं. ऊस निघाला होता. त्याच्या हातातच होता.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला जास्त सांगता येत नाही. काकूंच्या हाताला पीठ तसंच होतं, त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, तोही पोरगाच, रस्त्यावर उकिडवा बसला होता, आणि अण्णांनी घागरीतलं पाणी आधी त्याला पाजलं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आम्ही कॉलेजच्या बसनंच सन्मतीला मिरजेला नेलं. अण्णा डॉक्टरांना एकच विचारत राहिले, "पाय ऱ्हाईल न्हवं सायेब?" राहिला नाही. उजवा पाय गुडघ्याखालून काढला. झेप घेताना रेटा द्यायचा पाय.

कॉलेजात बैठक बसली. बस ठरलेल्या थांब्यांव्यतिरिक्त का थांबली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बस गेली चार वर्षं तिथंच थांबत होती आणि जेवणाचे फोटो कॉलेजच्याच पेजवर झळकत होते, हे मी सांगितलं. ऐकून घेतलं. टीम 'तूर्त स्थगित' झाली. मला कुणी काढलं नाही. माझी पाटी अजून दारावर आहे. मी आता व्यायामशाळेच्या दारात बसतो, आणि मैदानावर पहिल्या वर्षाच्या पोरांच्या मोटरसायकली लागतात. गोलाच्या खांबांना पावसाळ्यात मांडववाले ताडपत्र्या वाळत घालतात. जुन्या पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथं वाढदिवसाचे केक येतात. सन्मतीला फोन करता का रे, असं मी एकदोघांना विचारलं. म्हणाले, सर, काय बोलावं कळत नाही. त्यांना मी दोष देत नाही. मलाही कळत नव्हतं, म्हणून मी जाऊन बसायचो.

दर रविवारी जायला लागलो. पूर्वी अधूनमधून जायचो, आता एकही चुकवत नव्हतो. सकाळची एसटी, आष्ट्याला उतरायचं, काकूंनी केलेलं जेवायचं, अण्णांच्या शेजारी बसायचं. अण्णा उसाच्या तोडीवर बोलायचे, खताच्या भावावर बोलायचे. काकू वाढताना पूर्वीसारखंच म्हणायच्या, "सर, आनखी घ्या की. काय खातच न्हाईसा." आणि हसायच्या. सन्मतीनं राहिलेली परीक्षा दिली, पास झाला, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातूनच करायला लागला. मी गेलो की तो आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून असायचा. रविवारी कसलं रे काम, असं मी विचारलं नाही. मी त्याला दारातून हाक मारायचो, तो हात वर करायचा. मला वाटायचं, येईल. एक दिवस बाहेर येऊन माझ्याशी बोलेल. त्याला वेळ द्यावा, आपण मात्र यायचं सोडू नये, नाहीतर त्याला वाटेल की सरांनीही पाठ फिरवली. परतीच्या गाडीत मी हेच घोळवत बसायचो आणि मला जरा बरं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी जेवण झालं, मी निघालो, तर तो आतून बाहेर आला. कृत्रिम पाय लावून. मी त्याला तो लावलेला पहिल्यांदाच पाहत होतो. "चला सर, स्टँडपतूर येतो," म्हणाला. मला काय वाटलं ते लिहून सांगता यायचं नाही. मी त्याच्या शेजारून मुद्दाम हळू चाललो. स्पीडब्रेकरपाशी तो थांबला.

"सर, एक बोलू? राग मानू नका."

"बोल की."

"तुमी आता येत जाऊ नका."

मी हसलोच. मला वाटलं, एवढ्या उन्हात येऊ नका म्हणतोय. म्हटलं, मला काय त्रास नाही रे.

"तसं न्हाई सर. तुमी यायचं म्हनून आई शनवारपासनं तयारीला लागती. तुमच्याम्होरं तिला हसावं लागतंय. तुमी गेलासा की मोरीत भांडी घेऊन बसती आन् रडती. अण्णा रानात जात्यात ती मावळल्यावरच येत्यात, जेवत बी न्हाईत. आठवडाभर आमी तिघं कसंतरी जुळवत आणतो. रविवार आला की परत पयल्यापासनं. तुमाला बघितलं की ती म्याच, ती बस, सगळं परत दारात हुबं ऱ्हातंय."

"आई म्हणाली असं?"

"ती कशाला म्हनंल? ती मरंपतूर तुमाला वाढंल."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी येत होतो रं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. गोलातून मागून आवाज देताना बघायचा तसं, कोण कुठं उभा आहे ते त्याला दिसत होतं.

"माझ्यासाठी न्हाई सर. तुमाला दुसरीकडं कुठं जायाला न्हाई म्हनून येत हुता."

एक ट्रक स्पीडब्रेकरवरून खडखडत गेला. मी "बरं" म्हणालो. फौजेत इतकी वर्षं काढली त्याचा तेवढा उपयोग झाला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. तो वळून घराकडं गेला. जपून चालत होता, पण चालत होता. ओसरीवर काकू उभ्या होत्या. त्यांनी नेहमीसारखा हात केला आणि मीही केला.

गाडीत बसलो आणि मला बाप आठवला. कुणाच्याही रानात मेंढरं बसली की मालक कधी थांबा म्हणतो, कधी उठा म्हणतो. ते माझं उसाचं प्रकरण सोडलं तर बापानं कुणावर उठा म्हणायची वेळ येऊ दिली नाही. मालक नुसता बांधावर येऊन दोनदा उगाच रेंगाळला की बाप आईला सांगायचा, "बांध गं बिऱ्हाड." लहानपणी मला त्याचा राग यायचा. जरा थांबलो असतो तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं. चांगली जागा असायची, विहीर असायची, आणि आपण निघालो. ही अक्कल माझ्या बापाजवळ होती. भिंतींच्या आत राहून राहून माझी गेली.

तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात, आता रिटायर झालास की कुठं राहणार? गावाकडं ये, जागा हाय, घर बांध. जे लांब गेले तेही विचारतात, पण त्यांना स्वतःसाठी विचारायचं असतं. मला एवढंच सांगता येतं. जिथं कोणी आपली वाट बघतं ते घर, असं धरून मी पन्नाशी ओलांडली. वाट बघणाऱ्याचं काय होत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आईनं माझी वाट किती बघितली असेल, दर दिवाळीनंतर कराडच्या वाटेनं जाताना वसतिगृहाच्या दाराशी तिला काय वाटत असेल, ते मी आता या वयात मोजतोय. तिला विचारायची सोय राहिली नाही. आणि आष्ट्याला जाता येत नाही. मला काकूंची आठवण येते. रोज येते. भूक लागल्यासारखी येते.

त्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं लवकर उठलो, दाढी केली, बूट घातले आणि दाराशी बसून राहिलो. सुनंदा अंगणवाडीच्या पोरांसाठी कागदाची फुलं कापत होती. तिला वाटलं मी निघतोय. गाडीची वेळ टळली तरी ती फुलंच कापत राहिली. बारा वाजले तशी ती आत गेली, भांड्यांचा आवाज झाला, मग बराच वेळ झाला नाही. मी बूट काढून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर एक छोटं पातेलं होतं, त्यात पळीभर आमटी, शेजारी एकच भाकरी. ती ताट पुढ्यात घेऊन बसली होती आणि माझ्याकडं बघत होती.

"आज न्हाई गेलासा?"

"नाही. आता जाणार नाही."

तिनं ताटाकडं बघितलं, मग पातेल्याकडं.

"सांगायचं न्हाई व्हय आधी?" म्हणाली. "रविवारचं मी माझ्यापुरतंच करते."